रात्री बॅटरीच्या उजेडात कोणाचे डोळे चमकतात आणि आपले का चमकत नाहीत?

निफाडचा भाचा

मामांचा मळा निफाड तालुक्यात आहे आणि गेल्या आठवड्यात तिकडे शेतीची वीज रात्रपाळीची होती. मोटार बाराच्या सुमारास चालू झाली आणि मामेभाऊ व मी कपाळाला बॅटऱ्या बांधून उन्हाळ कांद्याला पाण्याचे बारे देत होतो. मी नाशिक शहरात राहणारा, त्यामुळे त्या कामात माझा उपयोग बेताचाच. बराच वेळ मी बांधावर उभा राहून इकडेतिकडे उजेड टाकत होतो. गवतात दूरवर बारीक निळसर-हिरवे ठिपके चमकत होते. दव असेल असे समजून मी बॅटरी कपाळावरून काढली आणि कमरेपाशी धरली, तर सगळे ठिपके एकदम विझले. पुन्हा कपाळाशी नेली, तर पुन्हा पेटले. एका ठिपक्यावर नजर ठेवून हळूहळू जवळ गेलो, तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी लांडगा कोळी दिसला. ती मादी होती, कारण तिच्या पाठीवर पिल्लांची दाटी होती, आणि वाकून पाहिल्यावर त्या पिल्लांचेही सुईच्या टोकाएवढे डोळे चमकताना दिसले.

परतताना गोठ्यातल्या गाईचे डोळे निळसर आणि चांगले मोठे चमकले, मामांच्या कुत्र्याचे पिवळट-हिरवे चमकले, आणि मामेभावाने वळून माझ्याकडे पाहिले तेव्हा त्याचे डोळे काळेच राहिले. तेव्हापासून या विषयावर जे वाचले आणि पूर्वीचे जे आठवले, ते येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या पडद्याच्या, मागे एक परावर्तक थर असतो, त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. आत आलेला जो प्रकाश दृष्टिपटलातील पेशींना न सापडता पार निघून जातो, तो हा थर मागे फिरवतो आणि त्या पेशींना तो पकडण्याची दुसरी संधी मिळते. त्यातूनही जो निसटतो, तो भिंगातून आल्या वाटेनेच बाहेर पडतो. म्हणजेच तो उजेडाच्या उगमाकडे परत जातो, आणि म्हणून पाहणाऱ्याचा डोळा व बॅटरी जवळजवळ असतील तरच ती चमक दिसते; कमरेपाशी धरलेल्या बॅटरीचा परतीचा उजेड माझ्या कमरेकडेच जात होता. हेच तत्त्व वापरून पर्सी शॉ या इंग्रज गृहस्थांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या चकाकत्या खुणांचे पेटंट घेतले होते, आणि त्यांना नावही मांजराच्या डोळ्यांचेच दिले.

मला अधिक नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. गाईचा हा थर कोलॅजनच्या बारीक, समांतर तंतूंचा असतो, मांजराचा विशिष्ट पेशींमधील सूक्ष्म कांड्यांचा असतो, तर कोळ्याचा ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या पातळ स्फटिकांचा असतो. युक्ती एकच, पण माल निरनिराळा. म्हणजे ती एकाकडून दुसऱ्याकडे वारशाने आलेली नसून वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडली आहे. आपल्याकडे आणि माकडांकडे हा थर नाही, कारण आपली शाखा दिवसा वावरणाऱ्यांची आहे. परत फिरलेला प्रकाश थोडा विखुरतो आणि प्रतिमेचा रेखीवपणा कमी करतो. भर दिवसा बारीक तपशील पाहून जगणाऱ्याला हा सौदा परवडणारा नाही. फोटोत फ्लॅशमुळे आपले डोळे लाल येतात ती चमक या थराची नव्हे, दृष्टिपटलामागील रक्ताने भरलेल्या पडद्याची असते.

येवलेकर

लेख आवडला. आमच्याकडे चाळीसेक शेळ्या आहेत, त्यांत संगमनेरी जास्त. दोन प्रश्न आहेत. उसाच्या कडेला रात्री डोळे चमकले तर ते बिबट्याचे की कुत्र्याचे, हे रंगावरून ओळखता येते का? आणि दुसरा प्रश्न माझ्या मुलीचा आहे. शेळीची बाहुली आडवी, फटीसारखी का असते, आणि घरच्या मांजराची उभी का असते?

निफाडचा भाचा

येवलेकर भाऊ, रंगावर अजिबात विसंबू नका. प्राण्याचे वय, तुम्ही पाहता तो कोन आणि बॅटरीच्या उजेडाचा प्रकार यांनुसार एकाच जनावराच्या डोळ्यांची चमक बदलते. दोन डोळ्यांतले अंतर आणि जमिनीपासूनची उंची यांवरून थोडा अंदाज बांधता येतो, पण दबा धरून बसलेला बिबट्या कुत्र्याच्याच उंचीवर असतो, त्यामुळे तो अंदाजही फसवा ठरू शकतो. कोणाचे डोळे आहेत ते पाहायला पुढे जाऊ नये, हेच बरे.

मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. अमेरिकेतील बर्कली येथील मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जमिनीवरच्या २१४ जातींच्या बाहुल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की आडवी बाहुली बहुतेक करून चरणाऱ्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे असलेल्या प्राण्यांची असते, तर उभी बाहुली दबा धरून शिकार करणाऱ्या प्राण्यांची असते. आडव्या फटीतून क्षितिजाच्या रेषेत पुढून, बाजूने आणि बरेचसे मागूनही प्रकाश येतो, पण डोक्यावरच्या सूर्याचा झगझगाट कमी आत शिरतो. शेळीला तेच हवे असते. लांडगा आभाळातून येत नाही, जमिनीवरून येतो. उभ्या फटीचा उपयोग वेगळा आहे. झडप घालणाऱ्याला भक्ष्य नेमके किती अंतरावर आहे हे कळावे लागते, आणि उभ्या बाहुलीमुळे पुढचे-मागचे अंतर धूसरतेवरून जोखणे आणि दोन डोळ्यांच्या प्रतिमा जुळवून जोखणे, ही दोन्ही कामे साधतात.

मग बिबट्याची बाहुली गोल का असते, असे तुम्ही विचाराल. त्याच अभ्यासात उभ्या बाहुलीचे बहुतेक शिकारी खांद्यापाशी ४२ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे निघाले. डोळे जमिनीलगत असले की धूसरतेवरून अंतर ओळखण्याची युक्ती अधिक लागू पडते. उंच जनावराला तिचा तितका लाभ नसतो. म्हणून मांजराची बाहुली उभी आणि त्याच कुळातल्या बिबट्याची गोल.

आता एक काम तुमच्यावर सोपवतो. शेळीने चरायला मान खाली घातली की बाहुलीची फट खरे तर जमिनीशी उभी व्हायला हवी, आणि तसे झाले तर तिचा सगळा उपयोग संपला. ती तशी होते का, हे मुलीला शेळीच्या बाजूला बसून पाहायला सांगा. उत्तर मी आताच देत नाही.

शंकेखोर

आपण सगळे नीट लिहिले आहे, पण प्रत्येक ठिकाणी 'याला हे हवे असते म्हणून ते आहे' असे म्हणणे मला सोयीचे वाटते. माझा मूळ प्रश्न जुनाच आहे. भिंग, बाहुली, दृष्टिपटल आणि मेंदूपर्यंत जाणारी चेता हे सगळे एकाच वेळी असल्याशिवाय डोळा चालत नाही. मग ते थोडेथोडे करून कसे आले असेल? अर्धा डोळा घेऊन प्राण्याने काय करायचे? खुद्द डार्विनलाही ही अडचण वाटली होती, असे वाचल्याचे आठवते.

निफाडचा भाचा

शंकेखोर साहेब, डार्विन यांनी १८५९ च्या ग्रंथात ही अडचण मांडली हे खरे आहे, पण तो त्यांचा निष्कर्ष नव्हता. लगेच पुढे त्यांनी म्हटले आहे की साध्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंत पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी तिच्या धन्याला उपयोगी असली, तर अडचण कल्पनेची उरते, वस्तुस्थितीची नाही. आणि त्या पायऱ्या आज जिवंत आहेत.

त्यासाठी एकट्या मृदुकाय प्राण्यांचा, म्हणजे गोगलगाई, शिंपले आणि माकूळ यांच्या कुळाचा पसारा पाहिला तरी पुरे. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या लिंपेटचा डोळा म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या पेशींचा एक उथळ खळगा आहे. सपाट ठिपक्याला फक्त उजेड-अंधार कळतो; तोच खळग्यात बसला की कडेची सावली एका बाजूला पडते आणि उजेड कोणत्या दिशेचा आहे तेही कळते. नॉटिलस या शंखातल्या माकुळाच्या भाऊबंदामध्ये हा खळगा खोल होऊन त्याचे तोंड बारीक छिद्राएवढे झाले आहे. तेथे भिंग नाही आणि पारदर्शक पडदाही नाही, समुद्राचे पाणी थेट डोळ्यात शिरते, तरी खोक्याला सुईने भोक पाडून केलेल्या कॅमेऱ्यासारखी अंधूक प्रतिमा उमटते. पावसाळ्यात आपल्या भाजीच्या वाफ्यांत फिरणाऱ्या गोगलगाईच्या लांब शिंगांच्या टोकांना जे काळे ठिपके दिसतात, ते भिंग असलेले डोळे आहेत. बोट लावले की मोज्याचे टोक आतून ओढावे तसे शिंग डोळ्यासकट आत जाते. आणि याच कुळातील ऑक्टोपसचा डोळा रचनेत आपल्या डोळ्याच्या बरोबरीला येऊन बसतो.

यातला कोणताही डोळा 'अर्धा' नाही, कारण लिंपेटला ऑक्टोपसची कामे करायची नसतात. याचा सर्वांत बोलका नमुना मला पेटी-जेलिफिशमध्ये दिसतो. तिला आपल्यासारखा एकत्रित मेंदू नाही, पण डोळे २४ आहेत, आणि त्यांतल्या काहींना उत्तम भिंग आहे. गंमत अशी की त्या भिंगाने प्रतिमा जेथे स्पष्ट पडते, त्याच्या पुढेच दृष्टिपटल आहे, त्यामुळे तिला सगळे धूसर दिसते. चष्म्याचा नंबर काढणारा याला दोष म्हणेल. पण खारफुटीच्या मुळांत राहणाऱ्या जेलिफिशला पाण्यातला बारीक कचरा दिसून काय करायचे आहे? मुळे आणि डोक्यावरच्या झाडांची कड यांसारख्या मोठ्या गोष्टी दिसल्या की तिचे भागते, आणि धूसरपणामुळे बारीकसारीक आपोआप गाळले जाते.

आता 'थोडेथोडे करून' याचा हिशेब. स्वीडनचे डान-एरिक निल्सन आणि सुझान पेल्गर यांनी १९९४ मध्ये गणित मांडले. वर पारदर्शक थर, मध्ये प्रकाशसंवेदी पेशी आणि खाली काळसर रंगद्रव्य, एवढ्या सपाट ठिपक्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक पायरीला कोणत्या तरी एका मापात फक्त १ टक्का बदल करायचा, तोही प्रतिमा आधीपेक्षा चांगली होत असेल तरच. माशाच्या डोळ्यासारखा भिंगाचा डोळा १,८२९ पायऱ्यांत तयार झाला. मुद्दाम कंजूष आकडे धरूनही त्यासाठी ४ लाखांपेक्षा कमी पिढ्या लागल्या, म्हणजे वर्षाला एक पिढी धरली तर ४ लाखांपेक्षा कमी वर्षे. उघड डोळे असलेल्या ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म ५२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तेव्हा वेळ कमी पडला असे म्हणण्याला जागा राहत नाही.

शंकेखोर

गणित पटले, पण त्यात एक फट आहे. प्रकाशसंवेदी पेशी आधीच गृहीत धरल्या आहेत. खरी जादू तर तीच आहे. आणि भिंगाचे काय? पारदर्शक पदार्थ ऐनवेळी कोठून आला?

नंबर काढणारी

मी नाशिकमध्ये डोळे तपासण्याचे काम करते आणि एरवी फक्त वाचते, पण भिंगाचा विषय निघाल्यावर राहवले नाही. शंकेखोर दादा, आपली शंका रास्त आहे; त्या गणितात त्या पेशी गृहीतच धरल्या आहेत.

प्रकाश पकडण्याचे काम ऑप्सिन नावाचे प्रथिन करते. त्याच्या कुशीत रेटिनल नावाचा छोटा रेणू बसलेला असतो, जो आपल्याला जीवनसत्त्व अ पासून मिळतो. अंधारात हा रेणू वाकलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो सरळ होतो, त्याला धरून बसलेल्या प्रथिनाचा आकार त्यामुळे बदलतो आणि पेशीत निरोपांची साखळी सुरू होते. डोळ्यातील जीवनसत्त्व अ ची ही भूमिका उलगडल्याबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. जेवणात जीवनसत्त्व अ कमी पडले की रातांधळेपणा का येतो, याचे उत्तर येथेच आहे. आता मुख्य मुद्दा: ऑप्सिन हे एकटे-दुकटे प्रथिन नाही. पेशीच्या पडद्यात बसून बाहेरची रसायने आणि संप्रेरके ओळखणाऱ्या प्रथिनांचे एक प्रचंड कूळ आहे, आपल्या नाकातील वास ओळखणारी प्रथिनेही त्यातलीच, आणि ऑप्सिन त्याच कुळातले आहे. डोळ्यासाठी ते नव्याने घडवावे लागले नाही. रसायन ओळखणाऱ्या यंत्राला प्रकाश ओळखायला लावले गेले.

भिंगाचे तर त्याहून उघड आहे. भिंग प्रथिनांनीच बनलेले असते, फक्त ती फार दाट आणि एकसारखी भरलेली असतात, म्हणून प्रकाश विखुरत नाही. आपल्या भिंगातील एक मुख्य प्रथिन, अल्फा-क्रिस्टलिन, हे उष्णतेच्या ताणात इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनांचे भाऊबंद आहे. बदकाच्या भिंगातील एक प्रथिन तर चक्क लॅक्टेट डीहायड्रोजिनेज आहे, म्हणजे शरीरात इतरत्र साखरेच्या चयापचयात राबणारे विकरच (एन्झाइमच) तेथे काचेचे काम करते. घरात होते ते वापरले, असाच हा कारभार आहे. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने आपण जन्मलो तेव्हाचीच असतात, ती नंतर बदलली जात नाहीत. साठ-सत्तर वर्षांनी ती गुठळ्या धरू लागतात आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत मोतीबिंदूचे आजोबा येऊन बसतात.

आपल्या डोळ्यात एक गोष्ट उलटी बसली आहे, तीही सांगते. आपल्या दृष्टिपटलातील चेतातंतू प्रकाशाच्या बाजूने, म्हणजे पुढून निघतात, आणि सगळे गोळा होऊन एका ठिकाणी पडद्याला भोक पाडून मागे जातात. त्या जागी काहीच दिसत नाही. कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा, डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडे पाहत कागद साधारण एका फुटावरून थोडा पुढे-मागे करा. एका जागी ठिपका नाहीसा होईल, आणि त्याहून विचित्र म्हणजे तेथे काळे भोक न दिसता कोरा कागदच दिसेल. ऑक्टोपसचे तंतू मागून निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही. हा फरक गर्भात डोळा कोठून घडतो यामुळे आला आहे: आपले दृष्टिपटल मेंदूचा एक फुगवटा बाहेर येऊन तयार होते, ऑक्टोपसचे मात्र वरच्या कातडीच्या घडीतून.

डेंगळे

मी चांदवडचा. आमच्याकडे कांद्याचे बी धरतात, म्हणून हे नाव घेतले आहे. डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, फुलले की मधमाश्या आल्याशिवाय बी भरत नाही, त्यामुळे तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसण्याचा योग येतो. मधमाशीच्या डोळ्यात हजारो भिंगे असतात म्हणतात. मग तिला एकेका फुलाच्या हजारो प्रती दिसतात का? चित्रपटांत तसेच दाखवतात.

निफाडचा भाचा

नाही, आणि चित्रपटवाल्यांनी हा गैरसमज फार पसरवला आहे. अशा संयुक्त नेत्रातील प्रत्येक नेत्रिका, म्हणजे एकेका भिंगाचा छोटा डोळा, एकाच दिशेला रोखलेली असते आणि चित्रातला एक ठिपका तेवढा पुरवते; सगळे ठिपके मिळून एकच चित्र होते, आपल्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. हे ठिपके बरेच भरड असतात. हात लांब करून करंगळीच्या नखाकडे पाहा. ते नख साधारण एका अंशाचे दिसते, आणि मधमाशीच्या चित्रातला एक ठिपका जवळपास तेवढा असतो. आपण एका अंशाचे साठ भाग वेगळे ओळखू शकतो.

हा दोष कारागिरीचा नसून प्रकाशाच्या स्वभावाचा आहे. भिंग फार बारीक केले की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि चित्र धूसर होते, म्हणून नेत्रिका एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाहीत. रेखीवपणा हवा असेल तर त्यांची संख्या आणि डोळ्याचा आकार वाढवत न्यावा लागतो. माणसाइतके स्पष्ट दिसायला निदान एक मीटर व्यासाचा संयुक्त नेत्र लागेल, असा हिशेब मांडलेला आहे. तो डोळा वाहून न्यायला मग माशी नव्हे, बैलगाडी लागेल.

पण माश्यांची दृष्टी इतर बाबतींत आपल्या पुढे आहे. सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग जळताना दिसतो, माशीला मात्र दोनशेच्या पुढेही त्याची उघडझाप कळते. मारायला गेलेला आपला हात तिला संथ येताना दिसतो. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण अतिनील दिसतो. आपल्याला पांढरी दिसणारी पुष्कळ फुले अतिनील किरण शोषून घेतात, त्यामुळे मधमाशीला ती पांढरी न दिसता निळ्या-हिरव्या छटेची दिसतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी तिला रंग ओळखता येतात हे बशीत साखरपाणी ठेवून दाखवले, आणि आकाशातील प्रकाशाच्या ध्रुवणावरून (प्रकाशलहरी ठरावीक दिशेत कंप पावतात त्यावरून) ती दिशा ठरवते हेही त्यांनीच शोधले. १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते.

डेंगळे

रंगांवरून आठवले. पोळ्याला आम्ही बैलांच्या शिंगांना लाल हिंगूळ लावतो. लाल रंगाने बैल बिथरतो हे मग खोटेच ना?

नंबर काढणारी

खोटेच. गाई-बैलांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात आणि लाल-हिरव्यातला फरक त्यांना नीट कळत नाही. बैल बिथरतो तो हलत्या कापडाने. मासे, सरडे आणि पक्षी यांच्याकडे चार प्रकार असतात. आपले सस्तन पूर्वज दीर्घकाळ निशाचर होते आणि त्या काळात त्यांनी दोन गमावले. आपल्या शाखेत पुढे एका जनुकाची प्रत निघून तिसरा प्रकार परत मिळाला. ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा पुरुषांत जास्त आढळतो.

कवड्या खंड्या

पक्ष्यांचे नाव निघाले म्हणून लिहितो. नांदूर मधमेश्वरला मी दर हिवाळ्यात जातो. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे, पण सकाळी लवकर गेले तर निवांत बसता येते. ज्या पक्ष्याचे नाव मी घेतले आहे, तो हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. त्याच्यापुढे दोन अडचणी असतात. पहिली अशी की पाण्यातला मासा तिरक्या नजरेने पाहिला तर असतो तेथे दिसत नाही. बगळा काठावरून तिरकी चोच मारतो, त्यामुळे त्याला ही चूक मनातल्या मनात दुरुस्त करावी लागते; कवड्या खंड्या जवळजवळ सरळ खाली येतो, म्हणून माझ्या मते त्याचे काम पुष्कळ सोपे होत असावे. दुसरी अडचण पाण्यात शिरल्यावरची. हवेत प्रकाश वळवण्याचे मोठे काम डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा करतो, पण पाण्यात गेल्यावर पडदा आणि पाणी यांच्या घनतेत फरकच उरत नाही आणि त्याची ताकद नाहीशी होते. गोदावरीत बुडी मारून डोळे उघडले की आपल्याला सगळे पुसट दिसते ते यामुळेच. माशाने म्हणून सगळी भिस्त भिंगावर ठेवली आहे. त्याचे भिंग चेंडूसारखे गोल असते आणि कडेपेक्षा मध्यभागी अधिक दाट असते. ताटातल्या माशाच्या डोळ्यातून निघणारी पांढरी टणक गोळी म्हणजे तेच, शिजल्यामुळे अपारदर्शक झालेले. पाणकावळा बुडी मारल्यावर आपले मऊ भिंग बाहुलीच्या कड्यातून पुढे दाबून त्याला फुगवटा आणतो.

दृष्टी तीक्ष्ण असली म्हणजे सगळे दिसते असेही नाही. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडे घिरट्या घालताना आपण पाहतो. त्यांच्याच प्रजातीतील दोन जातींचे दृष्टिक्षेत्र मोजले गेले आणि ते काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भुवईच्या हाडामुळे त्यांना डोक्याच्या वरचा मोठा भाग दिसतच नाही, आणि खालचे मढे शोधण्यासाठी मान वाकवली की नेमकी उडण्याची दिशा त्या आंधळ्या पट्ट्यात येते. पवनचक्क्यांच्या पात्यांवर ती आदळतात यामागे हे कारण सांगितले जाते. हजारो वर्षे त्या उंचीवर समोर काही आडवे येत नव्हते.

शंकेखोर

बरेच काही नवीन कळले, हे मान्य करतो. शेवटचे एक विचारतो. भाचे साहेबांनी पहिल्या लेखात परावर्तक थर स्वतंत्रपणे घडले असे लिहिले, मृदुकायांचा डोळाही वेगळा वाढला असे दिसते. मग डोळा एकदाच झाला की अनेकदा?

निफाडचा भाचा

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि त्यावरून बराच वाद झाला आहे. १९७७ मध्ये साल्व्हिनी-प्लावेन आणि अर्न्स्ट मायर यांनी शरीररचना तपासून डोळे किमान ४० वेळा, कदाचित ६५ वेळाही स्वतंत्रपणे निर्माण झाले असे मांडले. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या पायांवर, पंखांवर आणि मिशांवर जादा डोळे उगवून दाखवण्यात आले. त्यासाठी एकच जनुक भलत्या जागी चालू केले होते. मग माशीच्या जनुकाऐवजी उंदराचे तेच जनुक, पॅक्स-६, वापरले, तरीही डोळा उगवला, आणि तो उंदराचा नव्हे तर माशीचाच संयुक्त नेत्र होता. म्हणजे 'येथे डोळा करा' हा हुकूम माशी आणि उंदीर यांच्या समाईक पूर्वजाकडून आलेला असावा, आणि ऑप्सिनही तसेच जुने आहे. पण त्या हुकुमावर कोणी काय बांधले, ते ज्याचे त्याने. मला स्वतःला यात मायर यांची बाजू चुकलेली वाटत नाही. प्रकाश ओळखणारी पेशी सगळ्यांना एकाच घराण्यातून मिळाली, भिंग आणि पडदे मात्र प्रत्येकाने आपापल्या पदरचे घातले, असे मी त्याकडे पाहतो.

येवलेकर

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मुलीला शाळा होती आणि काल रविवारीच सवड मिळाली. ती तासभर बांधावर बसली होती. तिचे म्हणणे असे की शेळी मान वर करून उभी असताना फट आडवी असते, आणि पाला खायला मान पार खाली घातली तरी ती जमिनीला आडवीच राहते. म्हणजे मानेबरोबर खोबणीतला डोळाच उलट्या दिशेने फिरतो. मला पटेना, म्हणून मी स्वतः जाऊन एका पाटीच्या (तरण्या शेळीच्या) गालावर खडूने आडवी रेघ ओढली. मान खाली गेली तेव्हा रेघ उभी झाली, बाहुली तशीच आडवी होती. पंधरा वर्षे शेळ्या पाळतो आहे आणि हे कधी पाहिले नव्हते. आता मुलगी विचारते आहे की शेळीचा डोळा असा किती अंश फिरू शकतो.

निफाडचा भाचा

तिला सांगा, बँक्स यांच्या त्याच अभ्यासात ५० अंश किंवा त्याहून अधिक मोजला आहे, आणि दोन्ही डोळे एकाच वेळी परस्परांच्या उलट दिशेने फिरतात. ते पडताळायचे असेल तर एकीने डावीकडे आणि एकाने उजवीकडे बसावे लागेल. खडूची रेघ दोन्ही गालांवर ओढा.